लांडग्याने हळद लावलेली मेंढी

फार पूर्वी चंदनवती नगरात उदयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका धनगराच्या घरी जन्मला होता. लहानपणापासून मेंढरांमागे हिंडल्यामुळे माग काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. म्हणून राजाने त्याला मेंढरांचा पारखी नेमले.

त्या राज्यात लांडगा मारायला बंदी होती. लांडगे आहेत म्हणून रानडुकरे शेतांपासून दूर राहतात, हे राजाला पक्के ठाऊक होते. पण लांडग्याला राजाज्ञा कोण वाचून दाखवणार? तो आपला मेंढरे उचलायचा. तेव्हा राजाने दवंडी पिटवली की, लांडग्याने मारलेल्या मेंढीचे कलेवर पारख्याला दाखवा आणि राजाच्या कळपातली मेंढी घेऊन जा. कोणी खोटे दाखवले, तर मात्र त्याचा सारा कळप जप्त, आणि त्यातला निम्मा पारख्याचा. राजा मनाने भला होता, पण नियम करण्याआधी त्याने माळावर एकदा तरी पाऊल ठेवायला हवे होते.

त्या माळावर पुन्नक नावाचा धनगर बायको सामासह राहत असे. त्या वर्षी त्याची सात कोकरे लांडग्याने नेली. कोकराचा जीव तो केवढा, लांडगा ते अख्खे तोंडात धरून जातो, मागे लोकरीचा पुंजकासुद्धा उरत नाही. पुन्नक सात वेळा कचेरीत गेला आणि ‘कलेवर कुठंय?’ एवढे ऐकून सातही वेळा हात हलवत परत आला. आता एकोणीस मेंढ्या उरल्या होत्या. आणखी चार-सहा गेल्या की माळ सोडून दुसऱ्याच्या दारात राबायला जावे लागणार, या धास्तीने त्याला अन्न गोड लागेना.

अशात त्याची सर्वांत जुनी मेंढी, ढवळी, म्हातारपणाने मेली. निम्मा कळप तिच्याच पोटचा. पुन्नक तिच्याजवळ बसून पोटभर रडला, आणि डोळे पुसता पुसता त्याच्या डोक्यात एक खूळ शिरले. त्याने विळ्याने तिच्या गळ्यावर ओरखडे काढले, तिला ओढत ओढ्याकाठी नेले आणि पारख्याला निरोप धाडला.

“अहो, नका हो,” सामा म्हणाली. “तुम्हाला धड खोटं खोकतासुद्धा येत नाही.”

“सात खरी गेली, तेव्हा कोणी विचारलं नाही,” पुन्नक म्हणाला. “ही एक खोटी जाईल खपून.”

बोधिसत्त्व आला. वाडीतली माणसेही जमली. त्याने ढवळीची मान पाहिली, खूर पाहिले, आणि मग तो तिच्या कपाळाकडे बराच वेळ बघत राहिला. पुन्नकानेही तिकडे पाहिले आणि त्याच्या पाचावर धारण बसली. ढवळीच्या कपाळावर हळद होती, चांगली बोटभर. घरचे जनावर गेले की त्याला निरोपाची हळद लावायची, अशी त्या माळावर रीत होती. रडता रडता पुन्नकाच्या हाताने ती पाळली होती, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

“पुन्नका,” बोधिसत्त्व म्हणाला, “तुमच्याकडचे लांडगे फारच रीतीभातीचे दिसतात. हळद लावल्याशिवाय मेंढी मारत नाहीत.”

माणसे खो खो हसली. पुन्नक मटकन खाली बसला. “लांडगा इकडे फिरकलासुद्धा नाही,” तो म्हणाला. “माझंच काम आहे हे. कळप न्या. फक्त हिला पुरेपर्यंत थांबा.”

पारख्याच्या घरी काही सोन्याचा धूर निघत नव्हता. नऊ मेंढ्या आपण होऊन त्याच्या दारात चालून येत होत्या. तरी तो पुन्नकाशेजारी जमिनीवर बसला आणि म्हणाला, “इतका जीव होता हिच्यावर, मग हे का केलंस?”

तेव्हा पुन्नकाने सात कोकरांची हकिकत सांगितली, एकेकाच्या रंगासकट. सामा म्हणाली, “सगळ्यांच्या गळ्यात मी लाल दोरा बांधला होता.” बोधिसत्त्व उठला, माग काढत लांडग्याच्या गुहेपर्यंत गेला आणि तिथून सात लाल दोरे घेऊन आला.

ते दोरे त्याने राजापुढे ठेवले. पुन्नक मागे उभा होता.

“याने खोटे केले की नाही?” राजाने विचारले.

“केले, महाराज. एकदा केले. पण हा सात वेळा खरे बोलला आणि सात वेळा आपल्या नियमाने त्याला खोटे ठरवले. एकाची शिक्षा याला द्या. सातांची कोणाला द्यायची?”

राजाने सातही दोरे मोजले. मग ओशाळून म्हणाला, “पारख्या, तुझ्या नऊ मेंढ्या बुडाल्या की रे.”

“त्यांच्याबदली मला नवा नियम द्या,” बोधिसत्त्व म्हणाला.

नवा नियम असा झाला. आधी प्रत्येक वाडीला मेंढवाड्याभोवती लावायला जाळी आणि राखणीला दोन तगडी कुत्री. शिवाय वर्षाच्या आरंभीच राजाच्या कळपातल्या दहा मेंढ्या साऱ्या वाडीच्या म्हणून यायच्या. ज्याचे जनावर लांडगा नेईल, त्याला शेजारीच त्यांतली एक देतील, कलेवर असो वा नसो. वर्षअखेर उरतील त्या गरज पाहून वाडीनेच वाटून घ्यायच्या. आता खोटे बोलायचे म्हणजे राजाच्या नव्हे, शेजाऱ्याच्या ताटात हात घालायचा. आणि पुन्नकाला शिक्षा काय, तर वर्षभर साऱ्या वाडीच्या जाळ्या त्याने बांधायच्या.

त्याने त्या अशा बांधल्या की वर्षभरात लांडग्याला एकच कोकरू मिळाले. बाकी तो सशांवर आणि रानडुकरांच्या पिलांवर सुखाने जगला. वर्षअखेर नऊ मेंढ्या उरल्या आणि माळावर ढोल वाजले. सगळ्यांनी एकमताने पहिली मेंढी पुन्नकाला दिली. तो धावत घरात गेला आणि हळद घेऊन आला.

“अहो, जिवंत आहे ती,” सामा म्हणाली.

“दिसतंय मला,” पुन्नक म्हणाला, आणि मेंढीच्या कपाळावर त्याने चांगली बोटभर हळद लावली. “आजपासून आल्यागेल्या दोघींनाही लावायची.”

विहारात जमलेल्या भिक्खूंना एवढी गोष्ट सांगून त्यांचे गुरू शास्ता म्हणाले, “भिक्खूंनो, तेव्हाचा पुन्नक म्हणजे आपला सुमंगल. त्याचे चीवर, अंगावरचे वस्त्र, नदीने नेले, आणि जुने दाखवल्याशिवाय नवे मिळत नाही म्हणून काल तो भांडारात पायपुसणेच जुने चीवर म्हणून घेऊन आला. सामा म्हणजे त्याला ‘नको’ म्हणणारा त्याचा सोबती. राजा म्हणजे आपला भांडारी. आणि पारखी मीच होतो.”

सगळे हसले, सुमंगलही हसला. भांडारी उठला आणि नवे चीवर आणायला गेला.

“अशी असते,” शास्ता म्हणाले, “डोळस करुणा.”