वीस फुटी बोर्डावरची बाई

"पण मास्तर, तोंड कुणाचं मोठं काढायचं?"

चंद्रहासने तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीरमास्तर बशीतला चहा फुंकत बसले होते.

टॉकीजच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही तिघं काम करायचो. मास्तर बोर्डावर नटनट्यांची तोंडं रंगवायचे, मी खाली सिनेमाचं नाव लिहायचो, आणि चंद्रहास दोन वर्षं नुसती मागची आभाळं भरत होता. चालू सिनेमाचा कापडी बोर्ड वाऱ्यानं फाटला होता. दुसऱ्या आठवड्यासाठी नवा हवा होता, आणि तो मास्तरांनी पहिल्यांदाच पूर्ण त्याच्या हातात दिला होता.

"पिक्चर बगितलास?" मास्तरांनी विचारलं.

"बघितला."

"कसा वाटला?"

हा प्रश्न आमच्याकडे दर आठवड्याला चहाबरोबर यायचा.

"बंडल," चंद्रहास म्हणाला.

कलाशाळेचा डिप्लोमा घेऊन आल्यापासून त्याला एकही सिनेमा आवडला नव्हता. मला सगळेच आवडायचे, त्यामुळे माझं मत कुणी विचारत नसे.

"बंडल का?"

"का म्हणजे? शेवट पहिल्या रिळातच कळतो. हिरो मारामारी करतो, गातो, परत मारामारी करतो. आपल्याला काय खुळे समजतात काय हे लोक?"

"असं..."

"चाली उसन्या. रंग भडक. रडारड तर इतकी, की हसू येतं."

तो उकिडवा बसून बोलत होता. हातात खडू होता आणि बोलता बोलता खाली फरशीवर काहीतरी गिरगटत होता. मास्तरांचं लक्ष त्याच्या तोंडाकडे नव्हतंच.

"खाली काय काढलंस?"

चंद्रहासने खाली पाहिलं आणि पटकन पायानं पुसायला गेला.

"पाय काढ."

त्यानं पाय काढला. खाली एक म्हातारी बाई होती. मान खाली, आणि दोन्ही हात फडक्याची गाठ मारताना.

"ही कोण?"

"कुणी नाही."

"पिक्चरमधली?"

चंद्रहास बोटांवरची खडूची भुकटी झटकू लागला.

"चंद्या, मी इचारतोय."

"जेलच्या दारात डबा घेऊन येते," तो खाली बघत म्हणाला. "पहारेकरी सांगतो, तुझ्या पोराला दुसऱ्या जेलात हलवलं. मग ती डब्याचं फडकं परत बांधते आणि जाते. बास. दोन मिनिटं आहे. सुरुवातीच्या पाट्यांमध्ये तिचं नावसुद्धा नाही."

"आणि बोटं सगळी ध्यानात हाईत तुझ्या."

चंद्रहास खडू चुरडत बसला.

"काल परत गेलो होतो," शेवटी तो म्हणाला. "तेवढंच बघितलं आणि उठून बाहेर आलो."

मी चहा हातात धरून बघतच राहिलो. दोन वर्षं ह्या माणसाचं 'बंडल' ऐकून माझे कान किटले होते.

"मग हिचं तोंड काढ मोठं," मास्तर म्हणाले.

"मास्तर! मुंबईहून वितरकाचं पत्र आलंय. हिरो सहा फूट, हिरॉईन चार, व्हिलन पिस्तुलासकट तीन."

"पत्र मलाबी वाचता येतं."

"टॉकीजचे मालक हाकलून देतील मला. पहिलाच बोर्ड आहे माझा."

"मग हिरो काढ की. मी कुठं नको म्हणतोय?"

चंद्रहासला राग आला. तो उठून उभाच राहिला.

"तुम्ही काढलं असतंत?"

मास्तरांनी बशी खाली ठेवली. शेडमध्ये भिंतीला टेकून जुने बोर्ड उभे होते. चाळीस वर्षांत रंगवलेले हिरो. मास्तर त्यांच्याकडे बघत बसले...

"न्हाई काढलं," ते म्हणाले. "कवाच न्हाई."

चंद्रहासने खडू लावलेली दोरी ताणली आणि बोर्डावर चौकटी आखायला घेतल्या.

तीन दिवस तो जेवायलाही नीट बसला नाही. गुरुवारी दुपारी बोर्ड तयार झाला. वीस फुटी बोर्डभर ती बाई, तिची खाली गेलेली मान आणि फडक्याची गाठ. हिरो एका कोपऱ्यात, वीतभर. मी सिनेमाचं नाव लिहिलं, आणि खाली कोपऱ्यात नेहमीसारखं 'दस्तगीर आर्ट'. त्या शेडमध्ये कुणीही रंगवलं तरी नाव मास्तरांचंच पडायचं.

मालक आले. आधी त्यांना वाटलं, अजून रंगवायचं बाकी आहे.

"ही कोण बाई?"

मी रंगाच्या डब्यांची झाकणं लावायला घेतली.

"अहो, ही कोण? हिला बघायला कोण तिकीट काढणार?"

"मी काढलं," चंद्रहास म्हणाला. तो मागे सरला नाही. "दोनदा काढलं, मालक. दुसरं नुसतं हिच्यासाठी."

मालकांनी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. ते मास्तरांकडे वळले.

"मास्तर, चुना फासा ह्याच्यावर. नाहीतर उद्यापासून शेडला कुलूप."

मास्तर गुडघ्यावर हात देऊन उठले. त्यांनी चुन्याची बादली उचलली, रुंद ब्रश घेतला आणि बोर्डापाशी गेले.

चंद्रहासचा चेहरा उतरला. खोटं कशाला सांगू, मलाही वाटलं, म्हातारपणी शेड कोण सोडेल?

मास्तर वाकले. एका फटक्यात त्यांनी 'दस्तगीर आर्ट' पुसून टाकलं. बादली खाली ठेवली. मग खिशातून बारीक ब्रश काढला, जो ते आम्हाला कधी हातात धरू देत नसत. सदऱ्याला पुसला आणि चंद्रहासपुढे धरला.

"नाव घाल. तुझं."

"मास्तर, पण तुमचं..."

"ह्यो बोर्ड माझा न्हाई."

"बघ हां," मालक म्हणाले, "नाव घातलंस तर ह्या गावात एकाही टॉकीजचं काम मिळू देणार नाही तुला."

चंद्रहासने मालकांकडे पाहिलं. मग त्या बाईकडे. त्यानं ब्रश लाल रंगात बुडवला आणि चुन्याच्या शेजारी, कोरड्या जागी, वाकून नाव लिहिलं. अक्षरं वाकडी आली होती. एरवी मी ती पुसायला लावली असती.

मालक कमरेवर हात ठेवून उभेच होते.

मास्तर आपल्या जागेवर येऊन बसले. बशीत चहा ओतला, फुंकला, आणि दर आठवड्याला विचारायचे तसंच विचारलं,

"हां, चंद्या. पिक्चर कसा वाटला?"