हळदीच्या डागाची चिठ्ठी

"आणि देव ऐकतच नसेल तर?"

नोमीने हे पायरीवरूनच विचारलं. एक चप्पल अजून पायात होती, दुसरी हातात.

राहेलबाई पडवीत बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी दुसरी काढ," त्या म्हणाल्या. "मग विचार."

नोमीने दोन्ही चपला भिरकावल्या. एक पायरीवर उलटी पडली, दुसरी तुळशीच्या रोपापाशी गेली. ती आत येऊन चटईवर बसली आणि पर्समधून एक चिठ्ठी काढून तिने लसणाच्या सालींवर आपटली.

"आठवी वेळ," ती म्हणाली.

राहेलबाई मकासरे म्हणजे मिशन कंपाउंडातलं सगळ्यांत जुनं माणूस. चाळीस वर्षं त्या खेडोपाडी सुवार्ता सांगत पायी हिंडल्या. आता गुडघे गेले, म्हणून पडवीत बसतात आणि जो येईल त्याला कामाला लावतात. मंडळीतल्या, म्हणजे इथल्या चर्चमधल्या, तीन पिढ्या त्यांच्या रविवारच्या शाळेत शिकल्या. नोमी शिकली, नोमीचे पप्पाही शिकले. सगळेच त्यांना नुसतं 'बाई' म्हणतात.

बायकांच्या प्रार्थनासभेतला चिठ्ठ्यांचा डबा बाईंनीच सुरू केला. मंडळीतल्या एकेका माणसाचं नाव एकेका चिठ्ठीवर. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी डबा फिरतो. ज्याचं नाव हाती येईल, त्याच्यासाठी महिनाभर रोज देवाकडे मध्यस्थी करायची, आणि त्या माणसाला पत्ता लागू द्यायचा नाही. पुरुषांचाही असाच एक डबा आहे, रविवारचा. दोन्ही डब्यांतल्या चिठ्ठ्या बाईंच्याच हातच्या.

नोमीच्या चिठ्ठीवर नाव होतं शांतवन त्रिभुवन.

तिचे पप्पा.

शांतवन त्रिभुवन हे मंडळीतले वडील, म्हणजे पंचांपैकी एक, आणि तीस वर्षं उपासनेतलं गाणं तेच धरत आले. पूर्वी पोस्टमन होते. वाड्यावस्त्यांवर लांबून हाका मारून मारून त्यांचा आवाज जो वर जाऊन बसला, तो निवृत्तीनंतरही खाली उतरला नाही. पहिल्या कडव्याला मंडळी त्यांच्याबरोबर असे. दुसऱ्याला बायकांचा नुसता चिवचिवाट उरे. तिसरं कडवं ते एकटेच म्हणत, डोळे मिटून, आनंदाने.

हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण वडीलधाऱ्यांपुढे बोलायचं नाही अशी मंडळीची रीत, आणि नोमीला त्या रीतीचा पहिल्यापासून राग. मागच्या वार्षिक सभेत 'आणखी कुणाला काही सांगायचंय का' असं पाळकसाहेबांनी सवयीने विचारलं, तर ही उठली. म्हणाली, मंडळी इथं देवाची स्तुती करायला येते, पप्पांच्या पट्टीला लोंबकळायला येत नाही.

सभा हसली. पप्पा हसले नाहीत.

तेव्हापासून ते तिच्याशी बोलले नव्हते. काय सांगायचं ते आईमार्फत सांगत. आई चार दिवस माहेरी गेली, तेव्हा मांजराला सांगत. दूध उतू चाललंय, कुणी तरी गॅस बारीक करा, असं ते मांजराकडे बघून म्हणत, आणि नोमी उठून गॅस बारीक करी.

बाईंनी चिठ्ठी उचलून डोळ्यांजवळ नेली.

"मग?"

नोमी म्हणाली, तिला दुसरं नाव हवंय. आठ महिने सलग एकच चिठ्ठी हाती येते, हा योगायोग नाही. एकदा आली तर योगायोग, दोनदा आली तरी एक वेळ मानू. आठदा आली म्हणजे कुणी तरी लबाडी करतंय. आणि डबा कुणाच्या घरी असतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

बाईंनी चिठ्ठी उलटी करून तिच्यापुढे धरली. कोपऱ्यात बोटाएवढा पिवळा डाग होता.

त्यांनी सांगितलं, चिठ्ठ्या लिहिताना एकीकडे आमटीला फोडणी देत होत्या, तेव्हा हळदीचं बोट लागलं. पहिल्याच महिन्यात बायकांना कळलं, डाग म्हणजे कोण. मग काय... डबा पुढे आला की जी ती आत बघून, डाग चुकवून चिठ्ठी घेते.

"आणि तू नेहमीची उशिरा येणारी. शेवटी डब्यात काय उरणार?"

उशिरा येण्यावरून बाई नोमीला वर्षभर बोलत होत्या. नोमी मात्र ते मिरवायची. ती कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, तास संपवून यायचं म्हणजे उशीर होणारच. ज्यांना कामं नाहीत त्यांनी लवकर यावं.

आता तिने तो डाग नखाने खरवडून बघितला.

"म्हणजे पप्पांचं नाव कुणालाच नको असतं?"

"कुणालाच नाही."

"ही काय पद्धत झाली? प्रार्थनेला बसतात आणि त्यातही माणूस निवडून..."

"तू कशाला आली आहेस?"

बाईंनी चार पाकळ्या तिच्याकडे सरकवल्या. तीही सोलायला लागली.

थोड्या वेळाने बाईंनी विचारलं, रोज काय मागते. नोमीने धडाधड सांगितलं. पप्पांचं मन मऊ कर. त्यांना त्यांची चूक दिसू दे. त्यांना आपण होऊन बोलायला येऊ दे. आणि जमलं तर पेटी वाजवणाऱ्या सॅमसनला थोडं धैर्य दे, म्हणजे तो खालची पट्टी देईल.

"ही तर फिर्याद झाली," बाई म्हणाल्या. "स्वर्गातल्या बापाकडे घरातल्या बापाची."

"मग मध्यस्थी कशी असते?"

"मध्यस्थ दोघांच्या मधला तिसरा असतो. तू तर भांडणातली दुसरी आहेस."

नोमीचे डोळे चमकले. वादात मुद्दा सापडला की ते तसे चमकत.

"मी पण तेच म्हणतेय. मी या कामाला नालायक आहे. द्या बदलून."

बाईंनी लसणाची एक पाकळी उजेडात धरून बघितली.

"काल काय मागितलंस?"

"काल?"

"काल रात्रीच. मन मऊ कर, पुढे?"

नोमी अडखळली. काल नाशिकच्या एका कॉलेजात तिची मुलाखत होती. पक्की नोकरी होती. दमून परत आली, अंथरुणावर बसून नाव घेतलं आणि...

"काल नुसता खोकला," ती म्हणाली. "पंधरा दिवस खोकतायत. पहाटे चारनंतर वाढतो. डॉक्टरकडे जात नाहीत. म्हटलं, बाकीचं राहू दे, खोकला तेवढा थांबव."

"गाणंही बंद असेल."

"पंधरा दिवस. दोन रविवार मंडळी सुखाने गातेय."

"खोकला थांबला, की तो पुन्हा गाईल."

"माहीत आहे मला," नोमी म्हणाली.

"त्याच पट्टीत."

"माहीत आहे, बाई."

एवढ्यात फाटकापाशी कुणी तरी खोकलं.

नोमीने तो खोकला ओळखला. ती चटईवरून अर्धी उठली. बाईंनी हातानेच आत जायची खूण केली आणि चहा ठेवायला सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली. पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक पडदा होता, तोही जुन्या साडीचा.

शांतवन पायरीपाशी आले. तिथं बराच वेळ थांबले. मग वर येऊन बाईंना सलाम करून बसले.

आत नोमीने पातेलं अगदी हळू ठेवलं.

"बाई," शांतवन म्हणाले, "आठ महिने झाले."

"बस. लसूण घे."

त्यांनी लसूण घेतला. खिशातून एक चिठ्ठी काढून चटईवर ठेवली. रविवारच्या डब्यातून आठ महिने हीच येते म्हणाले. ते वडील, म्हणून सगळ्यांचं झाल्यावर डब्यात हात घालतात. हिरव्या शाईची ही एवढी एकच उरलेली असते.

बाईंनी सांगितलं, त्या दिवशी काळी शाई संपली होती. हिरवी चिठ्ठी कुणाची ते पुरुषांना लगेच कळलं. तिच्यासाठी काय मागायचं याची सगळ्यांना धास्ती. तिच्या कानावर गेलं, तर भर सभेत जाब विचारेल.

"विचारेलच," शांतवन म्हणाले. त्यात तक्रार होती की कौतुक, ते पडद्यामागे नीट कळलं नाही.

"बदलून द्या, बाई. माझ्याच्याने होत नाही."

"काय मागतोस तिच्यासाठी?"

"पहिले काही महिने अक्कल मागितली."

आत कपबशी वाजली.

"आणि काल?"

शांतवन खोकले.

"काल मुलाखत होती तिची. नाशिकला."

"मग?"

"म्हटलं, प्रभू, तिथं तिची जीभ अडखळू देऊ नकोस."

"तीच जीभ?"

"तिला दुसरी कुठे आहे," शांतवन म्हणाले.

आत चहा उतू जायला आला होता. या वेळी मांजराला कुणी काही सांगितलं नाही. नोमीने आपणच गॅस बारीक केला. मग आल्याचा तुकडा किसला, थोडा विचार केला आणि उरलेलाही किसला.

बाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, पडद्याआडून कप घेतला आणि शांतवनपुढे ठेवला. त्यांनी एक घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं.

"आलं फार झालंय," ते बाईंना म्हणाले.

बाईंनी लसणात लक्ष घातलं.

"खोकल्याला तेवढं लागतं," पडदा म्हणाला.

शांतवननी पडद्याकडे बघितलं नाही. बशीत चहा ओतला, फुंकला, पुन्हा घोट घेतला. शेवटपर्यंत प्यायले. आल्याचा चोथासुद्धा चावून खाल्ला.

मग भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाले, "नाशिकचं कधी कळणार, काही समजलं का?"

"मला काय ठाऊक," बाई म्हणाल्या.

"मंगळवारी," पडद्यामागून आलं.

शांतवननी मान हलवली. उठले. बाईंनी चिठ्ठीकडे बोट दाखवलं, बदलून हवी होती ना म्हणून. त्यांनी ती उचलली, नीट घडी घातली आणि खिशात परत ठेवली.

"रविवारी बघू," ते म्हणाले. "महिना पुरा होऊ दे."

ते पायऱ्या उतरले. आपल्या चपला घातल्या. मग फाटक वाजलं आणि खोकला रस्त्याने दूर गेला.

नोमी बाहेर आली. नाक लाल झालं होतं. आलं किसल्याने लाल झालं, असं तिने बाईंनी विचारायच्या आधीच सांगितलं.

"मी आत आहे हे... म्हणजे, त्यांना कळलं कधी? मी बोलले तेव्हाच ना?"

बाईंनी सुरीने पायरीकडे दाखवलं.

नोमीच्या चपला पायरीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. दोन्ही सुलट. टाचा घराकडे, अंगठे रस्त्याकडे, पाय घातला की चालू लागता येईल अशा. तुळशीपाशी गेलेलीची माती झटकलेली होती.

ती बराच वेळ बघत राहिली.

बाई आतून डबा, जुन्या कॅलेंडरचा कागद, कात्री आणि काळं पेन घेऊन आल्या. कागदाची पट्टी कापली. चष्मा लावून तिच्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, शांतवन त्रिभुवन. डागाची जुनी चिठ्ठी फाडून लसणाच्या सालींत टाकली.

"घे," त्या म्हणाल्या. "बदलून मागत होतीस. ही कोरी करकरीत आहे. आता कुणालाच ओळखू येणार नाही. टाक डब्यात."

नोमीने चिठ्ठी घेतली. बोटांत धरून बघितली.

उद्या पहिला शुक्रवार. ही कुणाच्याही हाती जाईल. मनोरमाकाकूंच्या हाती जाईल. त्या पावसापाण्यापासून सुरुवात करतात आणि नावापर्यंत पोचायच्या आत त्यांना झोप लागते. नाही तर सुगंधाच्या. सुगंधा एका दमात सगळं आटोपते. खोकला पहाटे चारनंतर वाढतो, हे तिला कोण सांगणार? आणि नियमच असा, की सांगायचंही नाही.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही."

"मग टाक की."

नोमी उठली. चिठ्ठी घेऊन स्वयंपाकघरात गेली. मिसळणाच्या डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला, मग बसल्याचा. ती बाहेर आली तेव्हा तिच्या उजव्या हाताची तर्जनी पिवळी झाली होती. बाईंकडे न बघता तिने चिठ्ठी डब्यात टाकली आणि पाठ वळवून चपला पायांत घालू लागली.

बाईंनी डब्यात डोकावून पाहिलं. झाकण लावलं. पुन्हा लसूण हातात घेतला.

"नोमी."

"काय, बाई?"

"उद्या उशिरा ये."