शिळी पट्टी

"पण मी खोटं बोलणारच नाही, बाबा. तोंडातून एक शब्द काढणार नाही. मग पाप कसलं?"

चेतनगिरी बाबा सुपारी कातरत राहिले.

निशिकांत वैरागडे त्यांच्यासमोर चटईवर अवघडून बसला होता. टेकडीवरच्या याच मठात तो बाबांच्या हाताखाली बाराखडी गिरवायला शिकला. पुढे रसायनशास्त्रात डॉक्टर झाला. पाण्यातलं फ्लोराइड ओळखणारी कागदाची पट्टी त्यानं शोधून काढली. बोटभर लांब, गुलाबी. पाण्यात बुडवायची. फ्लोराइड जास्त असलं की पिवळी पडते. पाहायचं आणि फेकून द्यायचं. ना प्रयोगशाळा, ना वीज, ना यंत्र. सभासभांतून तो हे छाती पुढे काढून सांगे.

आज टेकडीखाली त्याच्याच गावात मांडव उभारला होता. नव्या नळयोजनेचं उद्घाटन. गावातल्या पोरांचे दात तपकिरी झाले होते, चाळिशीतली माणसं कमरेत वाकली होती, ती पाण्यातल्या याच विषानं. ते गाळणारा फिल्टर बसला म्हणून बिलं निघाली, फोटो निघाले, हार आले. फिल्टर तेवढा आला नाही. आणि खात्याच्या साहेबांच्या हुकमानं निशिकांतनं सगळ्या गावासमोर पट्टी बुडवून पाणी चांगलं असल्याचं दाखवायचं होतं.

"साहेबानं काय सांगितलं तुले?"

निशिकांतनं खिशातून एक पाकीट काढलं. "हे वापरा म्हणाले. मुदत संपलेलं आहे. शिळ्या पट्ट्या. कशातही बुडवा, गुलाबीच राहतात."

साहेब लोकांची ही नवी तऱ्हा. खोटं स्वतः बोलायचं नाही, कागदाकडून वदवून घ्यायचं. कागदावर कोण खटला भरणार?

"अन् चांगल्या?"

दुसऱ्या खिशातून दुसरं पाकीट निघालं.

बाबांनी दोन्हींतली एकेक पट्टी तळहातावर घेतली. उलटीपालटी करून पाहिली.

"सारख्याच दिसतात."

"दिसतात. बुडवल्यावरच कळतं."

बाबांनी शेजारचा तांब्या पुढे ओढला. नव्या नळाचं पाणी. दोन्ही पट्ट्या त्यात सोडल्या.

एक हळूहळू पिवळी पडली. दुसरी होती तशीच राहिली, गुलाबी, गोजिरी.

खाली लाउडस्पीकर खरखरला. "डॉक्टर वैरागडे जिथं असतील तिथून त्यांनी मंचावर यावं..."

"बाबा, माझं ऐका." निशिकांत पुढे सरकला. "आजचा दिवस निभावला की साहेब माझी पट्टी जिल्हाभर देणार. शाळांत, अंगणवाड्यांत, गावागावांत. लाखो लोकांना खरं काय ते कळेल! त्यासाठी एका गावात गप्प बसायचंय. फक्त एका. पुढच्या वर्षी मीच येऊन इथलं पाणी तपासीन."

"गावागावांत कोणती जाईल?" बाबांनी तांब्याकडे बोट केलं. "ही, का ही?"

निशिकांतची कानशिलं तापली.

"तुम्हाला बोलायला काय जातं! मठात बसलाय. ना साहेब, ना बदली. पिवळी पट्टी दाखवली तर उद्या पट्टीच सदोष ठरवतील. माझं सगळं काम मातीत... मी संपलो, बाबा."

"मंग नको दाखवू."

"म्हणजे शिळी बुडवू?"

"असं कुठं म्हटलं म्यां?"

"मग करू तरी काय?"

बाबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. चघळत बसले.

फोन वाजला. साहेब. निशिकांतनं कापला. पुन्हा वाजला.

खाली टाळ्या सुरू झाल्या. कुणीतरी पाहुणा आला असावा. बायका-पोरं मांडवात दाटीवाटीनं बसली होती. वरून त्यांच्या डोक्यांवरचे पदर, टोप्या दिसत होत्या. यांतल्या अर्ध्याअधिकांच्या घरी तो लहानपणी पाणी प्यायला होता...

तो उठला. चटईवर दोन्ही पाकिटं पडली होती. क्षणभर थांबला. मग वाकून त्यानं शिळं पाकीट उचललं.

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

म्हातारा हाडांचा सापळा, पण पकड सांडशीची. पाकीट चटईवर गळून पडलं. बाबांनी त्याचा हात खेचला आणि बोटं थेट तांब्यात बुडवली.

"बाबा! सोडा! हे काय चालवलंय?"

बाबांनी पकड आणखी घट्ट केली.

"लोक वाट बघताहेत माझी... बाबा!"

खिशात फोन थरथरत होता. खालून पुन्हा त्याचं नाव आलं, या वेळी जरा चढ्या आवाजात. बाबांना त्याचं काही नव्हतं. ते निशिकांतच्या तोंडाकडेही बघत नव्हते. पाण्यात बुडालेल्या त्याच्या बोटांवर त्यांची नजर खिळली होती.

"हलू नको," ते म्हणाले. "रंग पाहून राहिलो."