रिकामा डबा

टेकाडवाडीत शेवंती नावाची एक चिमुकली मुलगी राहायची. आई नाही, बाबा नाहीत. होती एक आत्या, तीही दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात राबायची. दमून घरी आली की म्हणायची, "शेवंते, आता बोलू नकोस गं, डोकं दुखतंय." मग शेवंती बोलणार कुणाशी? माठाशी बोलायची बापडी! पण माठ कधी उत्तर देतो का?

एका सकाळी आत्यानं तिच्या हातात पितळेचा डबा दिला.

"जांभूळवाडीच्या चंपामावशीचा आहे. दिवाळीत लाडू आले होते यातून. एकटीच असते बिचारी, तरी आठवणीनं पाठवते. आत गुळाचा खडा ठेवलाय. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं."

घरात तेवढाच गूळ होता.

शेवंती निघाली. पायवाटेच्या एका अंगाला जवसाची निळी-निळी फुलं, दुसऱ्या अंगाला पिवळी-पिवळी मोहरी. गवतावर दवाचे टिपूस चमचमत होते. इतकं छान, पण "बघ ना!" म्हणायला शेजारी कुणीच नाही. शेवंतीला फार एकटं वाटलं.

तेवढ्यात "में में!" काटेरी कुंपणात एक इवलंसं करडू अडकलं होतं. भीतीनं ते आणखीच आत घुसत होतं. शेवंतीनं गुळाचा तुकडा पुढे धरला. मग आणखी एक. करडू चाटत-चाटत बाहेर आलं आणि टुणकन उडी मारून आईकडे पळालं. वळूनसुद्धा पाहिलं नाही हो त्यानं!

गूळ संपला होता. शेवंती बांधावर बसून रडू लागली.

"अगं रडूबाई, माझं फूल भिजवतेस की!"

जवसाच्या फुलावर बोटाएवढी परी बसली होती. तिचे पंख निळे-निळे, लुकलुकणारे.

"मी पाहिलं सगळं," परी म्हणाली. "एक इच्छा माग. एकच हं! डब्यात सांग आणि झाकण लाव. ते उघडायचं डबा ज्याचा त्यानंच. तू उघडलंस, तर इच्छा भुर्रकन उडून जाईल."

'मला एक मैत्रीण दे.' शेवंतीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिनं डब्याकडे पाहिलं. डबा मावशीचा आणि मागणं माझं? छे, हे काही बरं नव्हे. आणि मावशीही एकटीच की!

ती डब्यात हळूच म्हणाली, "चंपामावशीला सोबत मिळू दे."

वाटेत डबा आतून गुणगुणत होता. शेवंतीचा हात दोनदा झाकणाकडे गेला. पण उघडलं नाही तिनं.

चंपामावशीनं दारातच झाकण काढलं. आत काहीच नव्हतं! शेवंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्यात तळाशी एक निळा ठिपका लुकलुकला. तो मोठा झाला, वर आला, त्यातून परी निघाली. तिनं शेवंतीच्या कपाळावर इवलासा हात टेकवला, खुदकन हसली आणि झगझगीत उजेडात दिसेनाशी झाली.

"अगं बाई!" मावशीनं शेवंतीला जवळ ओढलं. "ये, बस इथं. काय झालं ते सगळं सांग मला."

शेवंतीनं दव सांगितलं, फुलं सांगितली, करडू सांगितलं. "मग? मग काय झालं?" मावशी विचारत राहिली. असं शेवंतीला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

ऊन उतरायच्या आत मावशीनं डबा चिवड्यानं भरून दिला. "संपला की परत आण हं."

शेवंतीचं तोंड एवढंसं झालं. "पण मावशी, घरात आता गूळ नाही. रिकामा कसा आणू?"

मावशीनं तिचे गाल ओंजळीत धरले.

"रिकामाच आण गं बाळा. पण तू ये."