उसनं वगळून काढलेलं चित्र

वेळगडच्या राजेसाहेबांना चित्रकलेतलं फार कळतं, असं खुद्द राजेसाहेबांचंच मत होतं. चित्रकार हरबा पांचाळांनी त्यांचं तैलचित्र काढून पुढे ठेवलं, तसे ते डोळे बारीक करून म्हणाले, "डोळ्यांची आखणी तुमच्या वडिलांच्या गणपतीच्या कारखान्यातली. हातांचं वळण तुमच्या मुंबईच्या मास्तरांचं. उजेड विलायती चित्रांतला. सगळंच उसनं. ज्यात उसनं काही नाही असं आमचं चित्र काढा, नाहीतर दरबारी चित्रकार दुसरा बघतो."

"जशी आज्ञा," हरबा म्हणाले.

आठवड्याने भर दरबारात त्यांनी नव्या चित्रावरचं कापड बाजूला केलं. कॅनव्हास जवळजवळ कोरा होता. वरच्या बाजूला फक्त कपाळावरची एक आठी रंगवलेली.

"यात आम्ही कुठे आहोत?" राजेसाहेबांनी विचारलं.

"सरकार, गादी आजोबांची, म्हणून सोडली. तलवार पणजोबांची. पगडी थोरल्या महाराजांची. नाक तर समोर आईसाहेबांच्या तसबिरीत जसंच्या तसं आहे. उसनं वगळता वगळता सरकारांची स्वतःची म्हणून ही आठीच तेवढी हाती लागली."

दरबारी मंडळी गालिच्याची नक्षी न्याहाळू लागली. राजेसाहेबांनी चित्राकडे पाहिलं, मग आईसाहेबांच्या नाकाकडे, आणि त्यांना हसू फुटलं.

हरबांनी खिशातून चिंधी काढली. "आता हीसुद्धा पुसतो, सरकार. आपल्या कपाळावर आता राहिलेली दिसत नाही."

"पुसा," राजेसाहेब म्हणाले, "आणि ते उसनं चित्र आईसाहेबांच्या शेजारी लावा."