जलपर्णी कुणाच्या दारात?

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा तळ्याकाठच्या बागेची देखभाल तिथले पशुपक्षीच करायचे. एका वर्षी तळ्यात जलपर्णी माजली. पाणीच दिसेना, तर मासे कुठून दिसणार? काठाच्या बिळात खंड्याची पिल्लं भुकेनं ओरडत होती.

खंड्या रोज सकाळी आपल्या दारातली जलपर्णी पलीकडे बदकांच्या बाजूला ढकलायचा. संध्याकाळी ती पुन्हा हजर! शेवटी तो चिडून बदकांकडे गेला.

"आमच्यावर काय डोळे वटारतोस?" बदकीण म्हणाली. "आम्ही तर सगळी बगळेरावांकडे ढकलली."

"आणि मी म्हशीकडे," बगळा ऐटीत म्हणाला.

"मग मी कुठे ढकलणार? खंड्याकडे!" म्हैस म्हणाली.

खंड्याला हसावं की रडावं कळेना. "अरे, आपण सगळे राबतोय आणि ती नुसती तळ्याला प्रदक्षिणा घालतेय! एका जागी गोळा करू आणि बाहेर ओढून काढू."

"एका जागी म्हणजे कुणाच्या दारात?" बगळ्यानं विचारलं.

बदकं आणि म्हैस हळूच मागे सरकली.

"माझ्या," खंड्या म्हणाला.

"पोरं उपाशी, आणि तुम्ही घाण घरी बोलावताय?" त्याची बायको कडाडली. पण तोवर बदकं ढकलायला लागलीही होती. म्हैस शिंगांनी जलपर्णी काठावर ओढू लागली. खंड्याच्या दारात चोच बुडवण्यापुरतंही पाणी उरलं नाही.

दुपारी बगळा बिळापाशी आला आणि चोचीतला मासा त्यानं खाली ठेवला.

"माझ्याकडचं पाणी मोकळं झालंय," तो जरा ओशाळून म्हणाला. "पिल्लांना भरव आणि चल लवकर. अजून बरीच ओढायची आहे."