चिकूखालची खुर्ची

“कोणाचं पाप सांगायला आलायस, इनास?”

फादर रेमंडनी मोठ्याने विचारलं. ऐंशी ओलांडलेल्या फादरांना कमी ऐकू येई, म्हणून ते चर्चमध्ये पापनिवेदन ऐकत नसत. तिथे पापं कुजबुजायची असतात आणि फादरांना ती ओरडून सांगावी लागत. पुढच्या बाकावरच्या बायकांची मग चंगळच. त्यापेक्षा चर्चमागची वाडी बरी. चिकूखाली दोन खुर्च्या मांडलेल्या, एक फादरांची आणि एक येणाऱ्याची.

“कोणाचं म्हणजे? माझंच, फादर.”

प्रश्न इनासला जरा झोंबला. वसईतल्या त्या गावात त्याच्या शब्दाला मान होता. अकरा वर्षं गुड फ्रायडेच्या मिरवणुकीतला क्रूस त्याच्याच खांद्यावर असे.

“बोल.”

“विहीर आम्हा दोघा भावांची. एक दिवस माझ्या वाडीला पाणी, एक दिवस बस्त्यावच्या. तो पाय मोडून महिनाभर इस्पितळात होता. त्याची पाळी मी सांभाळायची, असं ठरलं होतं...”

“आणि?”

“त्याचं पाणी मी माझ्या केळींना सोडलं. त्याची पानवेल करपली.”

“त्याला काय सांगितलंस?”

“विहीर आटली म्हणून.”

“मग तो?”

“म्हणाला, ‘तू तरी काय करणार, दादा.’”

फादर पुढे वाकले.

“परवा तो कुबड्या घेऊन माझ्यामागून चालणार आहे, फादर. त्याच्यापुढे क्रूस कसा उचलू? मला माफी द्या. सैतानाने घात केला. पंपाच्या बटणापाशी गेलो की कानाशी लागायचा. मी माणूस वाईट नाही, तुम्हाला ठाऊक आहे. त्यानेच करवलं सगळं.”

“असं होय? मग ऊठ.”

“अं?”

“खुर्ची मोकळी कर. ज्याचं पाप त्याला बसू दे. तुला कसली माफी देऊ? तू तर काही केलंच नाहीस.”

इनास उठला. म्हातारा थट्टा करतोय, असं त्याला वाटलं. पण फादर कानामागे हात धरून रिकाम्या खुर्चीकडे बघत होते, मनापासून.

“बस्त्यावही काही कमी नाही,” इनास उभ्याउभ्याच म्हणाला. “बाबांनी चांगला तुकडा त्याला दिला. कुणाचंही मन फिरेल.”

“मग बाबांना बोलाव.”

“ते जाऊन वीस वर्षं झाली, फादर...”

“अरेरे. मग बसवायचं कोणाला?”

इनास ओशाळला. खापर फोडायला आता डोकंच उरलं नव्हतं.

पलीकडे कुणाच्या तरी वाडीत पंप सुरू झाला. इनासने आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं. याच अंगठ्याने त्याने महिनाभर बटण दाबलं होतं. पहिल्या दिवशी तो थरथरला होता, नंतर नाही. आणि दाबण्याआधी, कुणी बघत तर नाही ना म्हणून, इनासने चहूकडे नजर फिरवली होती. बस्त्यावच्या प्रत्येक पाळीला.

त्याचे डोळे भरून आले.

“तिथे कुणी नव्हतं, फादर,” तो पुटपुटला. “मी एकटाच होतो. मीच...”

शब्द इतके हळू निघाले की चांगल्या कानालाही कळले नसते. फादरांनी कानामागचा हात खाली घेतला आणि रिकामी खुर्ची जवळ ओढली.

“आलास?... बस, लेकरा. केव्हाची तुझीच वाट बघतोय.”